शिकाऱ्याचे यंत्र तळ्यावर चालेल का?

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात. माणसाने हात लावावा लागत नाही. आपोआप काम करणारे असेच एक लहान यंत्र अमेरिकेत शिकारी लोक विकत घेतात. ते म्हणजे जनावरांना दाणा टाकणारे खाद्ययंत्र, ज्याला तेथे फीडर म्हणतात.

त्याची बांधणी साधी आहे. तीन पायांवर पिंप, त्याच्या तळाला नरसाळे, खाली फिरती तबकडी, बॅटरीवर चालणारी मोटर आणि टायमर. ठरल्या वेळी मोटर काही सेकंद फिरते व मका चोहोबाजूंना फेकला जातो. हरणांना त्या जागेची सवय लागते आणि शिकारी तेथे दबा धरून बसतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात हे यंत्र सहज बनेल. मग ते राधानगरीच्या रानासाठी विकावे काय? स्पष्ट उत्तर आहे, नाही.

दाजीपूरचे जंगल संस्थानकाळी महाराजांचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले आणि १९८५ साली त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच होय. अभयारण्यातील शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. शिवाय रानातल्या जनावराला दाण्याची चटक लागली, तर ते शेजारच्या शेतात उतरते आणि नुकसान गरीब शेतकऱ्याचे होते.

म्हणून कारागीर बांधवांनी यंत्र तेच ठेवून गिऱ्हाईक बदलावे. शेततळ्यात रोहू, कटला पाळणाऱ्याला रोज ठरल्या वेळी खाद्य टाकावे लागते. त्यासाठी माणूस अडकून पडतो, आणि तो आला नाही की मासे उपाशी राहतात. हा आपला खरा गिऱ्हाईक.

मात्र यंत्र जसेच्या तसे चालणार नाही. मका टणक असतो, तर माशांच्या खाद्याच्या गोळ्या ठिसूळ असतात. तबकडी जोरात फिरली तर त्यांचा भुगा होतो, पैसा वाया जातो आणि पाणी खराब होते. म्हणून वेग कमी ठेवावा. दहा सेकंदांत किती ग्रॅम खाद्य पडते, ते तराजूवर पुन्हा पुन्हा मोजावे. राधानगरीचा पाऊस मोठा आहे. झाकणातून ओल शिरली की खाद्याला बुरशी येते व नरसाळे तुंबते. तेव्हा पत्रा जस्ताचा घ्यावा, मोटर बंदिस्त ठेवावी आणि एक पूर्ण पावसाळा काढल्याशिवाय माल विकू नये.

पहिली दोन-तीन यंत्रे ओळखीच्या तळेवाल्यांकडे चाचणीसाठी द्यावीत व त्यांच्या तक्रारी लिहून ठेवाव्यात. किंमत ठरवताना पत्रा, मोटर आणि मजुरीबरोबर वाहतूक, उधारी व वर्षभराची दुरुस्तीही धरावी. बाह्य रचना नवी असेल तर प्रदर्शनात मांडण्यापूर्वीच डिझाइन नोंदणीचा अर्ज करावा. आधी उघड झालेली रचना नोंदवता येत नाही.

परदेशी मागणी आली तर आयात-निर्यात परवाना क्रमांक घ्यावा व खरेदीदाराच्या राज्याचा नियम विचारावा. हरणांमध्ये रोग पसरू नये म्हणून अमेरिकेतील काही राज्यांत असे खाद्य टाकण्यास बंदी आहे.

कसब आपल्या हातात आहेच. भांडवल घालण्यापूर्वी कायदा आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी पाहिल्या, तर माल गोदामात पडून राहणार नाही आणि कारागिरावर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येणार नाही.