'लाईट गेली' आणि घरचे जनित्र

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा येथे, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, मृगाआधीच्या वादळात वीजपुरवठा खंडित झाला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते: 'लाईट गेली.' या वाक्यात 'लाईट' हा कर्ता असून 'जाणे' ही गतिवाचक क्रिया आहे. पाहुण्याप्रमाणे वीज येते आणि जाते, अशी ही कल्पना होय. रोजच्या व्यवहारास ती पुरेशी आहे. परंतु लाईट गेली म्हणजे तार निर्जीव झाली, असे एक गृहीत तीत दडलेले असते, आणि घरात जनित्र जोडताना तेच घातक ठरते.

खांबावरील रोहित्र, म्हणजे बोलीतील 'डीपी', ११,००० व्होल्टांचा दाब उतरवून घरास २३० व्होल्ट पुरविते. मात्र रोहित्रास दिशा नसते. दोन्ही टोकांस पिना असलेल्या वायरने जनित्राची वीज एखाद्या सॉकेटमधून घरात सोडली आणि मुख्य स्विच चालूच राहिला, तर ती मीटरमधून उलट बाहेर पडते. रोहित्रापर्यंत पोचल्यास तेथे तिचे पुन्हा हजारो व्होल्ट होतात.

लहान जनित्र शेजारच्या घरांचा भार सोसणार नाही व आपोआप बंद पडेल, असा यावर आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. वादळात तार तुटली असेल किंवा दुरुस्तीसाठी फ्यूज काढलेले असतील, तर शेजाऱ्यांचा भार उरतच नाही आणि दाब टिकून राहतो. लाईनमन काम करीत असतो तो नेमका अशाच तुकड्यावर. त्याने उपकेंद्राकडून 'परमिट' घेतलेले असते. पण उपकेंद्राने आपला पुरवठा बंद केला आहे, एवढेच ते परमिट सांगते. गावातल्या कोण्या घरी जनित्र सुरू आहे, हे त्यास ठाऊक नसते. म्हणूनच तारेस हात लावण्यापूर्वी ती तपासून कामाच्या दोन्ही बाजूंस जमिनीशी जोडावी, असा दंडक आहे.

तथापि घरमालकाने आपला भार लाईनमनच्या दक्षतेवर टाकणे योग्य नव्हे. 'मेन स्विच पाडायचा' हे लक्षात ठेवणे हाही उपाय नव्हे. अंधारात आणि घाईत स्मरण चुकते. खरा उपाय चेंजओव्हर स्विच हा होय. त्याच्या एका बाजूस महावितरणचा पुरवठा, दुसऱ्या बाजूस जनित्र आणि मध्ये 'बंद' अशी स्थिती असते. दोन्ही पुरवठे एकाच वेळी घरास जोडणे त्याच्या रचनेमुळेच अशक्य होते. त्यामुळे पुरवठा अकस्मात परतला तरी तो चालू जनित्रावर आदळत नाही.

येथे आणखी एक शब्द फसवा आहे. न्यूट्रलला पाठ्यपुस्तकांत 'तटस्थ तार' म्हणतात; म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. वस्तुतः प्रवाह परततो तो तिच्यातूनच. तेव्हा एकफेजी घरात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा पालटणारा दोन ध्रुवांचा, आणि त्रिफेजी जोडणीत चार ध्रुवांचा स्विच बसवावा. जनित्राच्या सांगाड्यास अर्थिंग द्यावे आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. जनित्र घराबाहेर, खिडक्यादारांपासून दूर ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नसतो आणि बंद जागेत तो झोपेतच प्राण घेतो.

'लाईट गेली' हे वाक्य काही बदलणार नाही, आणि ते बदलावे अशी अपेक्षाही नाही. ते घरातल्या दिव्याविषयी खरे आहे, खांबावरच्या तारेविषयी नाही. हा भेद बोलणाऱ्याच्या ध्यानात राहो अथवा न राहो, चेंजओव्हर स्विच तो पाळतो. आणि खांबावर चढलेल्या माणसाचे प्राण त्या पाळण्यावर अवलंबून असतात.