अंघोळीच्या पाण्यासाठी फाटी

घरात गॅस आला की चूल गेली, असं आपण धरून चालतो. पण मैत्रिणींनो, पालघर-बोईसर पट्ट्यातल्या घरांच्या मागच्या दारी जरा डोकावून पाहा. ओट्यावर गॅसची शेगडी असते आणि परसात तीन दगडांची चूल. चुलीवर काळाकुट्ट झालेला पाण्याचा हंडा! भाजी-भात गॅसवर होतो, पण सहा-सात माणसांच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं म्हटलं तर सिलिंडर कसा पुरणार?

उमरोळीच्या पुढचं स्टेशन बोईसर. तिथून जवळच तारापूरला १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तरीही पूर्वेकडच्या डोंगराजवळच्या पाड्यांवरची बाई आजही जळणासाठी रानात जाते. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली, गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅस आला. पुढे सिलिंडर भरायचे पैसे जड जाऊ लागले, म्हणून २०२२ मध्ये दर सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये झालं. पण उरलेले पैसे एकरकमी काढायचे कुठून? फाटी मात्र फुकट मिळतात.

खरंच फुकट? आगोटीच्या दिवसांत, पाऊस लागायच्या आत, वर्षभराचं जळण भरून ठेवायचं असतं. उन्हातून डोक्यावर भारा वाहून मान आणि कंबर कामातून जाते. ती मजुरी कुणीच धरत नाही. वर धूर आहेच. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात चुलीशी बसणाऱ्या बायका आणि त्यांच्या कडेवरची मुलंही आली.

आणि वर बोल कुणाला? 'या बायकांनीच जंगल संपवलं', असं सर्रास म्हटलं जातं. पण ही बाई सहसा वाळक्या काटक्या, पडलेल्या फांद्या गोळा करते. हिरवं लाकूड जड असतं आणि धड पेटतही नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. कुऱ्हाड चालते ती खैरावर आणि सागावर. खैराच्या गाभ्यापासून पानाचा कात होतो, त्याला पैसा मिळतो. म्हणून रातोरात झाडं पाडून गाडीत भरली जातात. १९६४ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे खैर, साग यांसारखी झाडं स्वतःच्या जागेतली असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. उलट २००६ च्या वनहक्क कायद्यात झाडोरा हे गौण वनोपज धरलं आहे आणि ते गोळा करायचा हक्क परंपरेने जंगलावर जगणाऱ्यांना दिला आहे. खाडीकाठच्या तिवरांना मात्र हात लावू नका. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर बंदी घातली आहे.

मग आपल्या हातात काय आहे? साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. म्हणून हंड्यावर झाकण ठेवा. लाकूड बारीक फोडून, खडखडीत वाळवून वापरा. चुलीला तिन्ही बाजूंनी मातीचा आडोसा करा. सकाळीच काळ्या रंगाची भांडी झाकून उन्हात ठेवली, तर संध्याकाळच्या अंघोळीपुरतं कोमट पाणी तेवढ्यावर मिळतं. जमल्यास बचत गटात दरमहा थोडे पैसे सिलिंडरसाठी बाजूला टाका.

आणि रात्री झाडं पडताना दिसली, तर वन विभागाचा १९२६ हा नंबर फिरवा. रान उरलं तरच उद्या वाळकी काटकी मिळणार आहे, आणि रान संपलं की जळणासाठी आणखी दोन डोंगर पलीकडे जायची वेळ त्या पाड्यावरच्या बाईवरच येणार आहे, खैर नेणाऱ्यावर नाही.