दातांच्या कुलपावर संताप, पोटाच्या पट्ट्याबाबत मौन

यवतमाळ : तोंड जेमतेम दोन मिलिमीटर उघडावे, अशा रीतीने वरचे व खालचे दात चुंबकांनी जखडून ठेवणारे उपकरण न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने जून २०२१ मध्ये जाहीर केले आणि जगभर संतापाची लाट उसळली. हे उपचाराचे नव्हे, छळाचे साधन आहे, अशा शब्दांत लोकांनी त्याचा समाचार घेतला. त्या उपकरणाशी यवतमाळकरांचा संबंध येण्याची शक्यता जवळजवळ नाही. पोटाला बांधून घाम काढणारे पट्टे मात्र दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून आणि मोबाइलवरील दुकानांतून वणी, पुसद, उमरखेडपर्यंत सहज पोहोचतात. त्यांच्याविषयी कोणी ओरड करीत नाही. ज्या उपकरणाची निदान चाचणी तरी झाली त्यावर टीकेची झोड, आणि ज्याच्या दाव्याला कोणताच आधार नाही त्याची निमूट खरेदी, असा हा विरोधाभास आहे.

सात महिला, दोन आठवडे

ओटागो येथील संशोधकांनी ब्रिटनमधील लीड्सच्या सहकाऱ्यांसह हे उपकरण तयार केले. दाढांना बसविलेल्या चुंबकांमुळे रुग्णाला बोलता व श्वास घेता येतो. परंतु घन आहार घेता येत नाही. आणीबाणीत ते उघडण्याची सोयही होती. सात स्थूल महिलांवर दोन आठवडे चाचणी घेण्यात आली आणि त्यांचे वजन सरासरी ६.३६ किलोने घटले. मात्र, त्यांना शब्दोच्चार कठीण गेले, अवघडल्यासारखे वाटले, जीवनातील गोडी कमी झाली. एकीने वितळवलेले चॉकलेट प्यायल्याची कबुलीही दिली. उपकरण काढल्यानंतर काही वजन पुन्हा वाढले.

लोकांचा आक्षेप केवळ चुंबकांवर नव्हता. पथ्य पाळले जात नाही हीच वजन घटविण्यातील मुख्य अडचण, अशी मांडणी संशोधकांनी केली होती. लठ्ठ माणूस म्हणजे तोंडावर ताबा नसलेला माणूस, हा जुना समज त्यातून डोकावतो, असे टीकाकारांचे म्हणणे होते. त्यातच जबडा तारेने बांधण्याच्या १९८०च्या दशकातील उपायाची आठवण ताजी झाली. त्या काळी उलटी झाल्यास गुदमरण्याचा धोका असे, काही महिन्यांत हिरड्यांचे विकार जडत आणि काही रुग्णांचे मानसिक स्वास्थ्यही बिघडले होते. टीका वाढल्यावर विद्यापीठाने खुलासा केला, की उपकरण झटपट बारीक होण्यासाठी नाही. शस्त्रक्रियेपूर्वी वजन कमी करणे अनिवार्य असलेल्या रुग्णांसाठी आहे.

मान्यता मिळाली, तरी वाद

अधिकृत मान्यतेनेही लोकांचे समाधान होतेच असे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१६ मध्ये ‘अस्पायर असिस्ट’ या उपकरणाला परवानगी दिली. पोटावर छिद्र करून जठरात नळी बसवायची आणि जेवणानंतर २० ते ३० मिनिटांनी अन्नाचा काही भाग बाहेर काढून टाकायचा, अशी ही पद्धत होती. १७१ जणांच्या चाचणीत उपकरण वापरणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी १२.१ टक्क्यांनी घटले; केवळ आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळालेल्यांचे ३.६ टक्क्यांनी. आकडे अनुकूल असूनही, खाऊन ओकण्याच्या मनोविकाराला यंत्राची जोड दिली, अशी टीका झाली. अखेर २०२२ मध्ये उत्पादक कंपनीने आपले काम थांबविले.

जठरात फुगा ठेवून भूक कमी करण्याच्या उपायाबाबतही असेच घडले. फुगा बसविलेल्या पाच रुग्णांचे मृत्यू झाल्याची नोंद आल्यावर याच प्रशासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये डॉक्टरांना सावधगिरीचे पत्र पाठविले. मृत्यूस फुगाच कारणीभूत होता, असे त्यात म्हटलेले नव्हते. पण मान्यतेनंतरही नोंदी ठेवल्या जात होत्या, म्हणूनच हा इशारा देता आला.

मुंबईतील अनुभव

महाराष्ट्रानेही असा वाद जवळून पाहिला आहे. तेथे प्रश्न उपकरणाचा नव्हता, शस्त्रक्रियेचा होता. लोकांची नजर मात्र तीच होती. इजिप्तच्या इमान अहमद यांना ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. सैफी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे, वजन घटल्याचा दावा खोटा असल्याचा आरोप त्यांच्या बहिणीने केला आणि रुग्णालयाने तो फेटाळला. मे महिन्यात इमान यांना अबुधाबीला हलविण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. किती किलो घटले यावरच सारी चर्चा रंगली. पक्षाघाताने जर्जर झालेल्या त्या महिलेच्या प्रकृतीचा प्रश्न त्यात मागे पडला.

घाम म्हणजे चरबी नव्हे

आता घरातील पट्ट्याकडे वळू. उष्णता देणारा पट्टा घाम काढतो. घामातून पाणी व क्षार जातात, चरबी नव्हे. काट्यावर दिसणारी घट दोन तांबे पाणी प्यायल्यावर भरून निघते. शरीराच्या एकाच भागावरील चरबी पट्टा बांधून वितळते, याला आधार नाही. विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आखडविणाऱ्या पट्ट्यांविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्येच दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल कारवाई केली होती.

हे पट्टे निरुपद्रवी असतात, असेही नाही. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांना भाजल्याचे कळत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी विजेच्या पट्ट्यांपासून दूर राहावे. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना मुद्दाम घाम काढणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण होय.

कायदा काय सांगतो?

औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत ज्या विकारांवरील उपचाराच्या जाहिरातींना मनाई आहे, त्यांत लठ्ठपणाचा समावेश आहे. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठीची, अन्नाखेरीज कोणतीही वस्तू या कायद्यातील ‘औषध’ या व्याख्येत येते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याशिवाय १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांना औषधविषयक कायदा लागू झाला आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला. ‘व्यायामाचे साहित्य’ असे नाव देऊन विक्री केली, की मात्र या चौकटीतून निसटण्याचा प्रयत्न करता येतो.

कायदा असूनही जाहिराती थांबत नाहीत, याचे एक कारण ग्राहकाच्या मौनात आहे. फसलेला माणूस तक्रार करण्यास लाजतो. वजन घटले नाही, तर दोष यंत्राचा नसून आपल्याच आळसाचा, असे तो मानतो. दातांच्या कुलपावर संतापलेल्यांनी ज्या समजाला विरोध केला, तोच समज पट्टेवाल्यांच्या उपयोगी पडतो.

देशात स्थूल वा अधिक वजनाच्या महिलांचे प्रमाण २४ टक्के, तर पुरुषांचे २२.९ टक्के असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आढळले. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के महिलांचे वजन गरजेपेक्षा कमी होते. म्हणजे लठ्ठपणा ही केवळ महानगरांतील श्रीमंतांची हौस राहिलेली नाही आणि त्यावरील उपचाराची गरजही खरी आहे. म्हणूनच उपकरण विचित्र दिसते का, यापेक्षा त्याची चाचणी झाली का, ते कोणासाठी आहे आणि काढल्यावर काय होते, हे विचारणे अधिक मोलाचे आहे.

खरेदीपूर्वी आणि नंतर

- वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक पाहावा, पावती घ्यावी.
- मधुमेह, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही यंत्र वापरू नये.
- आक्षेपार्ह जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. जाहिरात जपून ठेवावी.
- विक्रेता मुंबई-दिल्लीचा असला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.
- राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.