मृगाच्या किड्याचा भाऊबंद

मृगाचा पाऊस पडला की वावरात मखमली लाल किडा निघतो. पोरं तो काडेपेटीत ठेवतात आणि तो कुणाला काही करत नाही. त्याचाच एक चुलत भाऊबंद मात्र स्क्रब टायफस नावाचा ताप देतो. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यात या तापाची साथ आली होती.

याच जिल्ह्यात कामठीला कन्हान, पेंच आणि कोलार या नद्या एकत्र येतात. अशा नदीकाठी, शेताच्या धुऱ्यावर, उंदरांच्या बिळांभोवती पावसाळ्यात गवत माजतं. ही जागा ताप देणाऱ्या या किड्याला मानवते. मोठा किडा मातीतच राहतो, इतर किड्यांची अंडी खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. चावते ती त्याची अळी. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी ही अळी गवताच्या टोकावर वाट बघत बसते. जनावर किंवा माणूस जवळ आला की त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून तिला चाहूल लागते. ती रक्त पीत नाही. लाळेने कातडीत बारीक नळी तयार करते आणि विरघळलेल्या पेशींचा रस ओढते.

ती असं जेवण आयुष्यात एकदाच करते. मग पूर्वी कुणालाच न चावलेल्या अळीत रोगजंतू येतात कुठून? आईकडून! ओरिएन्शिया हे जंतू अंड्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. मला तरी यातलं हेच सगळ्यात अचाट वाटतं.

चावल्याचं कळत नाही. साधारण दहा दिवसांनी सणकून ताप येतो, डोकं आणि अंग ठणकतं. डेंग्यू समजून दिवस निघून जातात आणि तेवढ्यात फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांना धक्का बसू शकतो. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर निदान जवळपास झालंच. ती दुखत नाही, म्हणून रोग्याला तिचा पत्ता नसतो. प्रत्येकाला ती उठतेही असं नाही. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

वावरात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर लोळू नका. घरी आल्यावर साबण लावून, अंग घासून आंघोळ करा. घराजवळचं तणकट काढा आणि उंदीर हटवा. तरीही ताप आलाच, तर अंगभर खपली शोधा आणि गवतात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.