पकवान कुरकुरीत का होतं?

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये दुपारी खिशाला परवडेल असं काही खायचं, तर दाल-पकवान, म्हणजे मैद्याची तळलेली कुरकुरीत चकती आणि चणाडाळ, मागवावं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची ही न्याहारी. १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. पदार्थ इथलाच झाला.

पकवानाच्या मैद्यात तुपा-तेलाचं मोहन घालतात. स्निग्धांश पिठाच्या कणांना वेढतो, त्यामुळे ग्लुटेनचे लांब धागे जुळत नाहीत. लाटल्यावर टोचे मारतात, नाहीतर वाफ कोंडून पकवान पुरीसारखं फुगेल. मग मंद आचेवर निवांत तळण. कढईत उठणारे बुडबुडे म्हणजे पिठातून बाहेर पडणारी पाण्याची वाफ. ते जवळजवळ थांबले, की पकवान झालं. पाणी गेल्यावर स्टार्च आणि प्रथिनांची रचना काचेसारखी ताठ होते, दाबताच कडकन मोडते. पाणी परत शिरलं की रेणू पुन्हा सरकू लागतात आणि पकवान वातड होतं. पावसाळ्यात तर दमट हवाही त्याला पुरते. म्हणून डाळ वेगळ्या वाटीत घ्यावी, तुकडा बुडवला की लगेच तोंडात टाकावा.

चणाडाळ केवळ चवीपुरती नाही. गव्हात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते गव्हात तुलनेने जास्त. वर कच्चा कांदा, चिंचेची चटणी. तळलेला मैदा रोज खाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. डाळ मात्र आणखी एक वाटी जरूर मागून घ्या.