जहाजाचा खांदा कुठे असतो?

जहाजाच्या उजव्या बाजूला खलाशी ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. यातल्या ‘स्टार’चा आभाळातल्या ताऱ्यांशी काडीचाही संबंध नाही! जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर’ म्हणजे दिशा देणं आणि ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची कड. थोडक्यात, सुकाणूची बाजू.

पण सुकाणू तर मागे, मधोमध असतं ना? आज असतं. पूर्वी नसायचं. नॉर्वेत ओसेबर्ग इथे 1904 साली मातीच्या ढिगाखालून एक व्हायकिंग जहाज निघालं. इसवी सन 834 मध्ये दोन स्त्रियांच्या मृतदेहांसोबत पुरलेलं. त्याच्या मागच्या अंगाला, उजव्या कडेवर, रुंद पात्याचं एक वल्हं बांधलेलं आहे. हेच सुकाणू! दांडा फिरवला की पातं पाण्यात वळायचं आणि अख्खं जहाज त्याच्या मागे वळायचं. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून वल्हंही उजवीकडे. आजच्या सुकाणूचं ‘रडर’ हे नावसुद्धा मुळात वल्ह्याचंच.

आता गंमत बघा. उजवी कड धक्क्याला लावली तर वल्हं चेंगरणार. म्हणजे धक्क्याला टेकायची ती डावी. माल तिथूनच चढायचा, म्हणून ती झाली ‘लारबोर्ड’. जर्मन खलाशांनी मात्र वेगळंच पाहिलं: वल्हं धरून उभ्या माणसाची पाठ या बाजूला असते, म्हणून त्यांची ‘बॅकबोर्ड’!

पण भर वादळात कुणी ‘लारबोर्ड’ ओरडलं आणि ऐकणाऱ्याला ‘स्टारबोर्ड’ वाटलं तर? अख्खं जहाज खडकावर. अखेर 1844 साली ब्रिटिश नौदलानं हुकूम काढला: यापुढे डावीला ‘पोर्ट’च म्हणायचं. बंदराकडची बाजू.

बाकीची नावंही अशीच जिवंत आहेत. पुढचा फुगीर भाग म्हणजे ‘बो’, मुळात खांदा. लाटेला पहिला भिडतो तो खांदाच, नाही का? मागचा ‘स्टर्न’ पुन्हा सुकाणूच्याच कुळातला. आणि सगळी काया म्हणजे ‘हल’, बहुधा मटाराच्या शेंगेचं टरफल. पातळ, पोकळ, दोन्ही टोकांना निमुळतं. नाव देणाऱ्याची काय नजर असेल!

आपलं ‘सुकाणू’ही दूरचा प्रवास करून आलं आहे, अरबी ‘सुक्कान’वरून. कोकणच्या बंदरांत अरबी गलबतांची ये-जा होतीच.

ही भाषा आता आकाशातही गेली आहे. विमानाच्या उजव्या बाजूलाही स्टारबोर्ड म्हणतात. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, अगदी जहाजासारखे. पुढच्या वेळी विमानात चढाल तेव्हा नीट पाहा, चढायचं दार बहुधा डाव्या बाजूलाच असेल.