पुडीभर गांजाचा खटला

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर येणाऱ्या एखाद्या तरुणाच्या खिशांत गांजाची पुडी सांपडली, म्हणजे त्याच्या आईबापांना पहिल्याच दिवशीं दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "आतां दहा वर्षें तुरुंग." दुसरा म्हणतो, "कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा." श्रोतेहो, हे दोन्ही सल्ले अर्धवट माहितीचे आहेत.

अंमली पदार्थांचा आजचा कायदा १९८५ सालचा आहे. २००१ सालीं त्यांत वजनावरून शिक्षेच्या पायऱ्या पाडण्यांत आल्या. गांजा १ किलोग्रॅमपर्यंत असेल तर तें प्रमाण 'अल्प', आणि २० किलोग्रॅमच्या वर 'व्यापारी'. किमान दहा वर्षांची शिक्षा आहे ती या व्यापारी प्रमाणाला. अल्प प्रमाणाला फार तर १ वर्ष सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणें गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांवांचून नुसतीं पानें किंवा बिया म्हणजे गांजा नव्हे. भांग या व्याख्येबाहेर राहिली ती यामुळेंच.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आंत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें लागतें. येथें आमच्या भागांतील लोकांची एक फसगत होते. २०१८ सालीं पिंपरी-चिंचवडचें स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालें आणि चाकणचें ठाणें त्याखालीं आलें. परंतु चाकण खेड तालुक्यांत असल्यानें तेथील खटले राजगुरुनगरच्या न्यायालयांत जातात. घरचीं माणसें मात्र पिंपरीच्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत बसतात.

जामिनाविषयीं मतभेद होता. २०२० च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचें सांगितलें. अजामीनपात्र म्हणजे जामीन मुळींच नाहीं असें नव्हे; तो हक्कानें ठाण्यावर मिळत नाहीं, न्यायालयाकडे मागावा लागतो. व्यापारी प्रमाणाला जामिनाच्या ज्या कडक अटी आहेत, त्या अल्प प्रमाणाला लागू नाहींत.

खटल्याचा खरा जीव पंचनाम्यांत असतो. अंगझडतीपूर्वीं राजपत्रित अधिकाऱ्यापुढें किंवा मॅजिस्ट्रेटपुढें झडती देण्याचा हक्क आरोपीला समजावून सांगितलाच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं ठरविलें. हातांतल्या पिशवीच्या झडतीला मात्र हा नियम लागू नाहीं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेप्रमाणें झडती व जप्तीचें चित्रमुद्रणहि करावें लागतें. पुढें मुद्देमालाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमक्ष घेतले जातात, ते रासायनिक परीक्षणास जातात, मग पंच व अधिकारी यांच्या साक्षी होतात. सीलबंद पुडीचें वजन एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतेंच असलें, कीं वकील तेथेंच बोट ठेवतो. ही कायद्याची पळवाट म्हणून हिणविण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाहीं. ताबा सिद्ध झाला म्हणजे आपण निर्दोष कसे, हें दाखविण्याचा बोजा या कायद्यानें आरोपीच्या शिरावर येतो. अशा वेळीं निदान ताबा तरी चोख सिद्ध व्हावा, एवढीच ही अपेक्षा आहे.

असा लहान खटला संक्षिप्त रीतीनेंहि चालवितां येतो, आणि तेथेंच 'कबूल करा' हा सल्ला मोहात पाडतो. कबुली म्हणजे दोषसिद्धि. दंडाची पावती हातीं आली तरी ती नोंद पुसत नाहीं. पुन्हां तसाच गुन्हा घडल्यास शिक्षेची मर्यादा दीडपट होते. ठेकेदाराकडून पोलिसांचा दाखला मागितला जातो तेव्हां हें उमगून उपयोग काय?

मुलगा खरोखरीच व्यसनी असेल, तर या कायद्याच्या ३९ व्या कलमान्वयें अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत न्यायालय त्याच्या संमतीनें, बंधपत्र घेऊन, शिक्षेऐवजीं उपचारास पाठवूं शकतें. पुण्यास १९८६ पासून 'मुक्तांगण' याच कामीं झटत आहे. हें कलम न्यायालयापुढें कोणी तरी मांडावें मात्र लागतें. कोठडींतल्या माणसाला वकील विनामूल्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानें दिलेला आहे. त्यासाठीं तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि करावा.